एक शब्द बोलण्याची परवानगी

त्या दिवशीची आमटी चांगली झाली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे चाळीत त्या आमटीबद्दल नाही नाही ते बोललं गेलं आणि सुभद्राच्या हाताच्या चवीवर उगाच आळ आला. मीठ बेतशीर होतं, कोकमही बेतशीर होतं. पण जगदीश साळसकरने एक भुरका मारला, वाटी खाली ठेवली, मान तिरकी केली आणि नाकातून आवाज काढत म्हणाला, "याला आमटी म्हणायचं का? की आपण काही नवीन शोध लावलाय? शोध असेल तर तसं सांगा, आम्ही सरकारदरबारी कळवू."

सुभद्रा तव्यावरची भाकरी उलटत होती. ती उलटून झाल्यावर तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"हे वाक्य तुमचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तुम्ही मला 'सांग' म्हणता. 'सांगा' कधी म्हणालात? हे तुमच्या त्या करंजकरांचं वाक्य आहे. रिकाम्या डब्यातून घरी आलंय. उद्या जाताना परत घेऊन जा आणि तिथेच ठेवून या."

जगदीशने मुकाट्याने वाटी परत उचलली. कारण ते खरं होतं. त्याच दुपारी हेडक्लार्क करंजकरांनी हेच वाक्य, आमटीच्या जागी बेरीज घालून, बिचाऱ्या पेडणेकरांना ऐकवलं होतं. आणि ते ऐकून अख्ख्या कचेरीत सगळ्यात मोठ्याने कोणी हसलं असेल तर तो जगदीश.

ही कचेरी फोर्टात होती. आगीचे आणि बोटींचे विमे उतरवणारी एक कंपनी होती. तिचं नाव सांगण्यात आता अर्थ नाही. मॅनेजरसाहेब काचेच्या केबिनमध्ये बसत आणि बाहेरचं राज्य करंजकरांच्या हवाली होतं. करंजकर म्हणजे काळा कोट, काळी टोपी आणि खालच्या रस्त्यावरची ट्राम थबकेल असा आवाज. रोज कोणा ना कोणाची हजेरी घेतल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. कोणाच्या अक्षराला ते 'झुरळाची वरात' म्हणत, कोणाच्या टकलाला 'आपला नवीन पेपरवेट'. जगदीशला ते 'लालबागचे लाटसाहेब' म्हणत. आणि या हजेरीचा एक अलिखित नियम होता: ज्याची चालू असेल तो सोडून बाकी सगळ्यांनी हसायचं. विम्याच्या कचेरीतलीच माणसं ती. हसणं हा हप्ता आहे, तो वेळेवर भरला की आपल्यावरची आपत्ती पुढे ढकलली जाते, हा हिशेब त्यांना शिकवावा लागला नाही.

जगदीश हा हप्ता फार इमानदारीने भरत असे. त्याचं ते 'ख्यॅ ख्यॅ ख्यॅ' कचेरीत प्रसिद्ध होतं. करंजकर कधीकधी कोणाला बोलून झाल्यावर नुसतं त्याच्याकडे बघत आणि जगदीशच्या पोटातून ते आपोआप बाहेर पडे. रविवारी दुपारपासून त्याच्या पोटात कालवाकालव सुरू होई. सोमवारी सकाळी तो चाळीच्या सामाईक संडासाच्या रांगेत निदान दोनदा तरी दिसे, आणि लोकांना वाटे की याला बाहेरचं खाण्याची सवय आहे.

न हसणारा माणूस कचेरीत एकच होता. तो म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतला आनंदा कांबळे. त्या गुन्ह्यासाठी त्याचं टेबल मालाच्या लिफ्टजवळ, आवक-जावकच्या कोपऱ्यात हलवलं होतं. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यातून खाली शिपायांना हाका मारून मारून त्याचा आवाज चांगला खणखणीत झाला होता.

"तुला भीती नाही वाटत रे?" जगदीशने एकदा डबा खाताना त्याला विचारलं होतं.

"वाटते की," आनंदा म्हणाला. "पण सकाळी बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून निघतो. संध्याकाळी घरी गेल्यावर परत त्याच फोटोसमोर बसून चहा प्यायचा असतो. तिथे मग अवघड होतं."

तर त्या आमटीच्या संध्याकाळी जगदीशने ठरवलं की करंजकरांना एकदा, एकदाच, एक वाक्य सुनावायचं. फार काही नाही. "साहेब, आमच्याशी माणसासारखं बोलत चला." एवढंच. ते नम्र होतं, मुद्द्याला धरून होतं, आणि त्यात बेरीज-वजाबाकी काही नव्हती. पण ते मनात येताच त्याला बसवेना. तो बाहेर गॅलरीत आला आणि येरझाऱ्या घालू लागला. चाळीची गॅलरी लाकडी होती आणि तिच्यातली एक फळी अशी होती की तिच्यावर पाय पडला की सगळ्या मजल्याला कळे.

"अरे झिला, कित्याक फेऱ्या मारतंस?" शेजारच्या कमलाबाई बाहेर आल्या. "मगासपासून फळी करकरता हा. पोटात दुखता काय?"

"नाही हो काकी."

"आमटी बाधली असतली."

इथून ती आमटीची बदनामी सुरू झाली. ती थांबवायची म्हणून जगदीशने खरी गोष्ट सांगितली. कमलाबाईंनी ती पदराचा बोळा तोंडाशी धरून, म्हणजे अत्यंत गुप्तपणे, ऐकून घेतली आणि पाणी भरायच्या वेळेपर्यंत खालच्या मजल्यावर पोचवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जगदीश घरी आला तर त्याच्या खोलीत नाना तोरसकर आणि सीताराम गावकर असे दोघे चटईवर बसून त्याच्या वाक्यावर चर्चा करत होते. सुभद्रा चहा गाळत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, आपण हे सगळं सुरू केलं की काय, असा भाव होता.

नाना गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते, आता निवृत्त होऊन युनियनचं आणि संयुक्त महाराष्ट्राचं काम सारख्याच जोमाने करत. पहिला प्रश्न त्यांनी हाच विचारला, "हा करंजकर कुठला?"

"गिरगावचा."

"म्हणजे आपलोच?" नाना फारच हिरमुसले. परप्रांतीय साहेबाशी लढा कसा लढायचा याचा त्यांनी मनाशी एक नकाशा आखला होता, तो त्यांना पुसून टाकावा लागला. "आपलोच असान असो वागता? बरां. पण एकच मागणी कधी करू नये. चार कराव्या. एक मिळतली. ह्यात पगारवाढ घाल."

"नाना, मला पगारवाढ नको आहे."

"मागायला काय जाता?"

सीताराम गिरणीत मागावरचा साचेवाला होता, पण ती त्याची पोटाची सोय. खरा तो नाटकवाला. गणपतीत चाळीचं नाटक तोच बसवी, आणि बसवताना अर्ध्या नटांना रडवी. त्याने वाक्य ऐकून डोळे मिटले. "भाव आहे," तो म्हणाला, "पण वजन नाही. सुरुवातीला 'करंजकर!' अशी हाक पाहिजे. मग स्तब्धता. मग एक पाऊल पुढे. 'आज या चार भिंतींच्या साक्षीने मी आपणास विचारतो...'"

"भिंती तीनच आहेत. चौथ्या बाजूला केबिनची काच आहे."

"मग 'या काचेच्या साक्षीने.' ते तर अजून चांगलं!"

आठवडाभरात वाक्यात नानांच्या चार मागण्या, सीतारामच्या दोन स्तब्धता आणि कमलाबाईंची 'तुझ्या घरात बायको-पोरां नाय काय रे' ही ओळ एवढं सगळं जाऊन बसलं. जगदीश ते ट्राममध्ये पुटपुटत असे. शेजारी बसणारे हळूच पुढच्या बाकावर सरकत. रोज सकाळी, आज बोलायचंच, असं ठरवून तो निघे आणि रोज संध्याकाळी तेच वाक्य आणखी जड होऊन परत येई. घरी आल्यावर तो ना धड बसे ना उभा राही. पेपर उघडून ठेवी आणि वाचत नसे. सुभद्राने एकदा विचारलं, "एवढं सगळं कशाला? तुमचं पहिलं वाक्य बरं होतं की." पण आता ते वाक्य त्याचं राहिलं नव्हतं, चाळीचं झालं होतं.

अडचण आणखी एक होती. कचेरीच्या नियमाप्रमाणे कारकुनाने हेडक्लार्कच्या टेबलापाशी आपणहून जायचं नाही. भेटायचं असेल तर इंग्रजीत अर्ज करायचा. अर्ज कोणाकडे? तर हेडक्लार्ककडे. जगदीशने अर्ज केला. समास कमी सोडला म्हणून तो परत आला. दुसरा केला, त्यावर 'विषय' लिहिला नाही म्हणून परत आला. आता विषय काय लिहायचा? 'तुमचं वागणं' असं तर लिहिता येत नाही. शेवटी त्याने 'भेटीबाबत' असं इंग्रजीत लिहून खाली मजकूर घातला: आय विश टू हॅव अ वर्ड विथ यू.

करंजकरांनी तो अर्ज हातात धरला, उभे राहिले आणि मोठ्याने वाचला.

"लालबागचे लाटसाहेब लिहितात, हॅव अ वर्ड! ऐकलंत का मंडळी? वर्ड. 'वर्ड्स' नाही. एकवचन आहे. आमचे लाटसाहेब व्याकरणाला फार जपतात." त्यांनी खिशातून पेन काढलं. "मंजूर! येत्या सोमवारी, दुपारच्या सुट्टीनंतर. एक शब्द. दुसरा शब्द बोललात तर तो नियमबाह्य समजण्यात येईल आणि मेमो मिळेल."

कचेरी हसली. पेडणेकरसुद्धा हसले, आणि हसताना त्यांनी जगदीशकडे असं पाहिलं की, माफ कर बाबा, हप्ता आहे.

त्या संध्याकाळी चाळीत हलकल्लोळ झाला. एवढं थोरलं भाषण रचून तयार, आणि परवानगी एका शब्दाची! नानांनी चारही मागण्यांचा जोडून एक शब्द होतो का ते पाहिलं. सीतारामने 'धिक्कार' सुचवला. नानांना 'निषेध' हवा होता. कमलाबाईंनी जो शब्द सुचवला तो एकच होता आणि अगदी योग्यही होता, पण बायकामाणसांत उच्चारण्यासारखा नव्हता. कमलाबाई स्वतः बाईमाणूस असल्यामुळे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. 'राजीनामा' असा शब्द कोणीतरी गॅलरीतून ओरडलं, तेव्हा मात्र सुभद्रा दारात येऊन म्हणाली, "तो शब्द ज्याने सुचवला त्याच्या घरी आम्ही दोघं उद्यापासून जेवायला येऊ." पुन्हा तो शब्द कोणी काढला नाही.

बऱ्याच वादावादीनंतर 'पुरे!' हा शब्द ठरला. छोटा, सभ्य, आणि सीतारामच्या मते शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. पण जगदीशच्या तोंडून तो पोचेना. तो 'पुरे' म्हणाला की कोणी त्याला आणखी भात वाढत असावं आणि तो नको म्हणत असावा, असं वाटे.

"बेंबीपासून काढ!" सीताराम ओरडे.

"गळो मोकळो नाय ह्याचो," नाना म्हणाले. "रविवारी कामगार मैदानावर सभा हा. माझ्यावांगडा चल. एकदा घोषणा दिल्यास की गळो आपोआप सुटतलो."

म्हणून रविवारी जगदीश नानांबरोबर परळला सभेला गेला. सभेला तो याआधीही गेला होता, पण मागे उभा राहून, हातात छत्री धरून. या वेळी नानांनी त्याला गर्दीत मध्यभागी नेऊन सोडलं. व्यासपीठावरून आवाज आला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि चहूबाजूंनी उसळलं, "झालाच पाहिजे!" जगदीशच्या तोंडूनही आलं. पहिल्यांदा चिरकं, दुसऱ्यांदा जरा बरं, आणि मग एकदम छातीतून काहीतरी सुटलं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्या एका 'झालाच' बरोबर बाहेर पडत होतं. त्याला रडू येईल की हसू, ते कळेना. एवढ्या मोकळेपणी तो कधी ओरडलाच नव्हता.

पुढे दोन रांगा सोडून कोणीतरी उभं होतं आणि त्याचा आवाज बाकी सगळ्यांच्या वर चढत होता. काय आवाज होता! जगदीशला त्या माणसाबद्दल आदर वाटला. तेवढ्यात कडेला बिल्ला लावून उभा असलेला एक स्वयंसेवक खेकसला, "ओ टोपीवाले काका! खाली बसा! महाराष्ट्र तुमच्या पाठीमागे पण आहे!"

आजूबाजूचे दोन-तीनशे लोक खदाखदा हसले. तो माणूस गोंधळून वळला. काळा कोट, काळी टोपी. करंजकर.

त्यांचा चेहरा जगदीशने असा कधीच पाहिला नव्हता. कानापर्यंत लाल, काहीतरी उत्तर द्यायचं होतं आणि सुचत नव्हतं. तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता, म्हणजे करंजकरांचा म्हणून नव्हे. रोज पेडणेकरांच्या खुर्चीवर तोच असे. जगदीशला खरोखर वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत, इतक्या वर्षांच्या सवयीने, पोटातून ते निघून गेलं होतं. "ख्यॅ ख्यॅ ख्यॅ!"

ते हसू हजारात ओळखू येण्यासारखं होतं. करंजकरांनी ओळखलं. दोघांची नजरानजर झाली. आता काय करायचं, हे दोघांनाही कळेना. व्यासपीठावरून पुन्हा घोषणा आली आणि दोघांनी ती बुडत्याने काडी धरावी तशी पकडली. "झालाच पाहिजे!" करंजकर जगदीशकडे तोंड करून गरजले. "झालाच पाहिजे!" जगदीश त्यांच्याकडे बघून ओरडला. मग ते चालूच राहिलं. सभेचं पुढचं भाषण सुरू झालं तरी दोघं समोरासमोर उभे राहून, गळ्याच्या शिरा ताणून, एकमेकांच्या अंगावर संयुक्त महाराष्ट्र मागत होते. शेवटी त्याच स्वयंसेवकाने दोघांनाही दोन वेगळ्या दिशांना नेऊन बसवलं. नानांना फार अभिमान वाटला. "पोरगो पेटलो!" असं ते लालबागपर्यंत सांगत आले.

सोमवारी सकाळी पोरग्याने तोंड उघडलं तर आतून नुसती हवा आली.

कमलाबाईंनी आल्याचा रस दिला, ज्येष्ठमध चघळायला लावला, मग हळद घातलेलं दूध पाजलं. या तिघांचं आपसांत जमलं नाही आणि जी काही घरघर शिल्लक होती तीही गेली. सीताराम कपाळाला हात लावून बसला. "प्रयोगाच्या दिवशी नट बसला," तो म्हणाला. सुभद्राने मिठाच्या पाण्याची बाटली भरून दिली. "नका जाऊ आज," ती म्हणाली. पण न जाणं म्हणजे घाबरणं, असं सगळा मजला मानणार होता. गेल्या कित्येक दिवसांत झोप नाही, जेवण नाही. आता जे काय व्हायचं ते होऊन जावं, असं त्याला झालं होतं.

तो कचेरीत शिरला तेव्हा तिथे काहीतरी चुकत होतं. काय ते कळायला वेळ लागला. आवाज नव्हता. करंजकर टेबलाशी बसले होते, गळ्याला लोकरी मफलर गुंडाळलेला होता. त्यांनी घंटी वाजवली, पेडणेकरांना बोलावलं आणि तोंड उघडलं. काहीतरी पुटपुटले. पेडणेकर वाकले. कचेरी हसायला सज्ज होती, पण कशाला हसायचं तेच कोणाला ऐकू येईना. दोघे अंदाजाने हसले आणि मधेच थांबले.

करंजकरांनी हजेरी घ्यायचा दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा ती वाया गेली. मग त्यांनी आनंदाला बोलावलं, कारण कचेरीत खणखणीत आवाज त्याचाच होता. खुणेने सांगितलं: इथे शेजारी उभा राहा, मी बोलतो ते मोठ्याने म्हण.

आनंदा उभा राहिला. करंजकर त्याच्या कानात पुटपुटले.

"पेडणेकर," आनंदा लिफ्टच्या खड्ड्यात हाक मारावी तसा स्पष्ट म्हणाला, "साहेब म्हणतात की तुम्ही गाढव आहात."

कोणी हसलं नाही. हेच वाक्य करंजकरांच्या तोंडी असतं तर हशा उसळला असता. पण आनंदाच्या तोंडून ते टपालाच्या पाकिटावरच्या पत्त्यासारखं आलं. त्यात मान तिरकी नव्हती, नाकातला आवाज नव्हता. उरलं ते फक्त गाढव. पेडणेकर क्षणभर घुटमळले आणि मग, समोर करंजकर नसून आनंदा असल्यामुळेच असेल, त्यांनी इतक्या वर्षांत कधी न विचारलेला प्रश्न विचारला.

"का?"

आनंदा अदबीने वाकला. "साहेब, पेडणेकर विचारतात, का?"

करंजकरांनी तोंड उघडलं. मिटलं. समोरच्या कागदावर चुकीची बेरीज सापडते का ते पाहिलं. बेरीज बरोबर होती.

"साहेबांचा विचार चालू आहे," आनंदाने कचेरीला कळवलं.

दुपारच्या सुट्टीनंतर करंजकरांनी जगदीशकडे बोट केलं. मंजूर झालेला शब्द. जगदीश उठला, टेबलापाशी गेला, सीतारामने शिकवल्याप्रमाणे एक पाऊल पुढे टाकलं आणि बेंबीपासून जोर लावला.

"साहेब," आनंदा म्हणाला, "साळसकर म्हणतात, 'फू.'"

जगदीशने जोरजोरात मान हलवली आणि पुन्हा त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"चुकलं. ते म्हणतात, 'पुरे.'"

करंजकर पुटपुटले.

"साहेब विचारतात, काय पुरे?"

जगदीश आनंदाकडे बघत राहिला. आनंदाने थोडा विचार केला आणि गंभीरपणे करंजकरांना सांगितलं, "साहेब, परवानगी एकाच शब्दाची होती. तो संपला."

प्रथम पेडणेकर फुटले. मग सगळी कचेरी. ते हप्त्याचं हसणं नव्हतं, आवरता न येणारं होतं. लोक टेबलावर डोकी ठेवून हसत होते. एक जगदीश तेवढा हसत नव्हता, कारण त्याच्यासमोर पुन्हा तो मैदानातला चेहरा होता. करंजकर उठले, कोट सावरला आणि मागच्या व्हरांड्यात पाण्याच्या माठाकडे निघून गेले.

थोड्या वेळाने जगदीशही बाटली घेऊन तिकडे गेला. धीर वगैरे काही नव्हता. घसा जळत होता आणि गुळण्या करायची मोरी तिथेच होती. करंजकर कठड्याला टेकून उभे होते. मधे कोणी दुभाषा नसल्यामुळे दोघांनाही जवळ यावं लागलं.

"काल मैदानात हसलात ते तुम्हीच," करंजकर कुजबुजले.

"हो साहेब."

"का?"

जगदीशने खरं ते सांगितलं. "सवय लागलीय. कोणी कोणाला चारचौघांत तसं बोललं की आपोआप येतं. इथेच लागली."

करंजकरांनी गळ्याचा मफलर सैल केला. "कोण कुठला पोरगा," ते म्हणाले. "मी कोण त्याला ठाऊक नाही. आणि एवढी माणसं हसली. घरी जाऊन सांगताही येईना."

"मलाही सांगता येत नाही. मी आमटीला नावं ठेवतो."

"आमटीला?"

"हो."

"मी कढीला ठेवतो," करंजकर म्हणाले. मग केबिनच्या दिशेला हनुवटी उडवून, "आत मला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते तुम्हाला ऐकू येत नाही. काच जाड आहे."

जगदीशला त्यांची दया आली. एवढे दिवस जपून ठेवलेला राग असा ऐन वेळी पातळ होतोय, याचा त्याला पुन्हा वेगळा राग आला. तो जायला वळला आणि मग थांबला. त्याच्या तोंडून जे आलं ते चाळीत कोणी रचलेलं नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही ते आधी ठाऊक नव्हतं.

"पण साहेब," तो कुजबुजला, "पेडणेकरांना काचही नाही."

करंजकरांनी माठावरचं भांडं उचललं आणि पाणी न घेताच परत ठेवलं. जगदीशने गुळण्या केल्या आणि परत जागेवर जाऊन बसला. सुट्टी होईपर्यंत तो एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत राहिला.

चाळीत त्या संध्याकाळी गॅलरी भरली होती. "शब्द टाकलास?" सगळे विचारत होते. जगदीशने मान डोलावली, आणि आवाज नसल्यामुळे त्याहून जास्त सांगता आलं नाही. बाकीचं सीतारामने सांगितलं. त्याच्या सांगण्यात 'पुरे!' ऐकून केबिनची काच तडकली. नानांच्या सांगण्यात दोन मागण्याही मान्य झाल्या. तिसऱ्या दिवशी हिंदमाताला एका कापडाच्या दुकानात सुभद्राला कोणीतरी सांगितलं की लालबागच्या एका वाघाने फोर्टात साहेबाला टेबलावरून खाली उतरवलं. तिने लुगड्याचा भाव विचारला. वाघ घरी पाट्यावर खोबऱ्याची चटणी वाटत होता, कारण खुणेने काही मागण्यापेक्षा आपणच करून घेणं सोपं, असं त्याच्या लक्षात आलं होतं. तिला ते बरं वाटलं.

शुक्रवारी करंजकरांचा आवाज परत आला.

"साळसकर!"

तोच आवाज. खालची ट्राम थबकली असेल. सगळ्यांचे टाक हवेत राहिले. जगदीश उठला, टेबलापाशी गेला आणि उभा राहिला. करंजकरांनी समोरची फाईल मिटून बाजूला सारली. मग ते म्हणाले, "बसा."

कुठे? हेडक्लार्कच्या टेबलापुढे खुर्ची नव्हती, कधीच नव्हती. जगदीशने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. करंजकरांनीही पाहिलं. आपल्या राज्यात कोणाला बसायची सोयच नाही, हे त्यांना बहुधा तेव्हाच दिसलं. तेवढ्यात पेडणेकर उठले, त्यांनी आपली खुर्ची उचलून आणली आणि टेबलापुढे ठेवली. जगदीश तिच्या अगदी काठावर बसला.

आता पुढे काय, हे दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. करंजकरांनी दौतीचं झाकण उघडलं, लावलं.

"घसा कसा आहे?"

"बरा आहे."

"ज्येष्ठमध घ्या."

"घेतो."

"बरं. जा."

एवढंच. करंजकर काही संत झाले नाहीत. त्यानंतरही ते ओरडत, पण बहुतेक फायलींवर, पंख्यावर आणि कधीकधी ट्रामवर. माणसावर ओरडायची वेळ आली की मधेच थबकत, आणि समोरचा 'का?' विचारतो की काय अशा नजरेने बघत. आनंदाचं टेबल लिफ्टजवळच राहिलं, कारण त्याने सांगितलं की इथे वारा चांगला येतो आणि आता मी हलणार नाही.

पण त्या शुक्रवारी एक गोष्ट झाली. जगदीश उठून गेल्यावर ती खुर्ची हेडक्लार्कच्या टेबलापुढेच राहिली. करंजकरांनी 'उचला' म्हटलं नाही, आणि न सांगता उचलायची कोणाची छाती झाली नाही. थोड्या वेळाने टायपिस्ट काहीतरी विचारायला गेला आणि सवय नसताना चक्क तिच्यावर बसला. मग आणखी एकजण बसून आला. पेडणेकर आपल्या टेबलाशी दिवसभर उभे राहून बेरजा करत होते. पाय भरून आले होते, कंबर धरली होती. जगदीशने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली, तर त्यांनी ती परत ढकलली.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. त्यांची नजर साहेबांपुढच्या आपल्या खुर्चीवर होती. "कोण कोण बसतंय, ते इथून चांगलं दिसतं."